डायनासोर, टोमॅटो आणि मी

गाण्यातलं मला कळतं, असा माझ्याविषयी आमच्या नात्यागोत्यात एक जुना गैरसमज आहे. तो मी पसरवलेला नाही. पण पसरत असताना अडवलाही नाही. मैफलीत पहिल्या रांगेच्या कडेला बसायचं, डोळे अर्धवट मिटायचे, आणि शेजारचा जाणकार 'वा' म्हणाला की त्यानंतर अर्ध्या सेकंदाने मान हलवायची, एवढ्या भांडवलावर मी चाळीस वर्षं रसिक म्हणून काढली आहेत. हे भांडवल बुडण्याची वेळ माझ्या सख्ख्या भाच्याने आणली.

एका रविवारी तो आला, माझा फोन हातात घेतला, त्यात काहीतरी घातलं आणि म्हणाला, "मामा, हे ऐक आणि यावर लिही. नेहमी आपलं तेच तेच लिहितोस."

"कुणाचं गाणं आहे?"

"डिप्लोचं. ब्राझीलचं म्युझिक आहे."

"हा डिप्लो ब्राझीलचा का?"

"नाही, अमेरिकेचा."

"बरं. गातो छान?"

"गात नाही तो."

"मग वाजवतो?"

"वाजवतो म्हणजे... तसं वाजवत नाही."

"चाली देतो का?"

"चाली दुसऱ्यांच्याच असतात."

"अरे, मग करतो तरी काय?"

भाचा जरा घुटमळला आणि म्हणाला, "लावतो."

मराठीत 'लावणे' हे क्रियापद फार कामसू आहे. आपण दिवा लावतो, झाड लावतो, कुलूप लावतो, मुलांना शिस्त लावतो आणि ती लागली नाही तर शेजारच्या दोन घरांत भांडण लावतो. यातलं काहीही लावल्याबद्दल आजवर कुणाचं नाव जगभर झालेलं नाही. रेडिओ तर मीही लहानपणापासून लावत आलो आहे. फक्त लावण्यासाठी माणूस प्रसिद्ध होतो, हे मला पटेना. मग एकाएकी भटजी आठवले. भटजी लग्न लावतात. ते लग्न त्यांचं नसतं, मुलगी त्यांची नसते, मंत्रही त्यांचे नसतात. पण ते नसतील तर दोन्ही पक्ष अंतरपाटाच्या दोन बाजूंना नुसते उभे राहतील. डीजेचं काम काहीसं असंच असतं. दोन गाणी घ्यायची, एकाचा वेग किंचित ओढून किंवा सैल सोडून ठेक्यावर ठेका बसवायचा, काही क्षण दोन्ही शेजारी शेजारी चालवायची, आणि अंतरपाट असा अलगद काढायचा की वऱ्हाड्यांना कळूही नये. भटजी एका मुहूर्तावर एक लग्न लावतात. डीजे एका रात्रीत चाळीस लावतो आणि प्रत्येक वधूचं पुढच्या पाच मिनिटांत दुसरं लग्न ठरलेलं असतं.

आता मी जे ऐकलं त्याबद्दल. 'फावेला ऑन ब्लास्ट' असं त्या संकलनाचं नाव. साल २००४. रिओ दि जानेरोच्या टेकड्यांवरच्या झोपडवस्त्यांत, म्हणजे फावेलांत, वाजणारं नाचाचं संगीत एकापुढे एक जोडून सलग वाजवलेलं. जोडणाऱ्याचं टोपणनाव डिप्लो. हे नाव त्याने डिप्लोडोकस या डायनासोरवरून घेतलं, कारण लहानपणी त्याला डायनासोरांचं वेड होतं. लहानपणी मलाही पाणघोडा आवडत असे, पण ते नाव घेऊन लोकांसमोर जाण्याचं धैर्य मला कधी झालं नाही.

पहिल्यांदा ऐकायला बसलो तो रिवाजाप्रमाणे. पाण्याचं भांडं जवळ, पाय वर, डोळे अर्धे. ठेका सुरू झाला. एक माणूस ओरडू लागला. मी वाट पाहत राहिलो. आपल्याला सवय असते की गाणं कुठून तरी निघेल, कुठेतरी पोचेल, एखादी तिहाई होईल, समेवर येईल आणि मग आपण 'क्या बात है' म्हणून पाणी पिऊ. इथे मी पाणी प्यायला भांडं उचललं ते हातातच राहिलं. एक माणूस ओरडायचा थांबला तर त्याच ठेक्यावर दोन बायका आल्या. त्या थांबताहेत तोवर कुठली तरी ओळखीची इंग्रजी धून तुकड्यातुकड्याने डोकावून गेली. गाणं संपत नाही म्हणजे काय, तर अभिप्राय द्यायला जागाच नाही! मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की माझी सगळी रसिकता दोन गाण्यांच्या मधल्या फटीत राहत होती. ती फटच या डायनासोरने बुजवून टाकली होती.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी खालून छताला काठी ठोकली. ती काठी इतकी ठेक्यात पडली की मला ती ध्वनिमुद्रणातलीच वाटली.

दुसऱ्यांदा ऐकलं ते भाच्याला समोर बसवून, आणि या वेळी कानांबरोबर थोडं डोकंही घेऊन बसलो. तेव्हा या गोंगाटाचं घराणं समजू लागलं. आणि वाचकहो, घराणं म्हणजे काय विचारता! ग्वाल्हेर-आग्र्याच्या वंशावळी सरळ वाटाव्यात इतकं ते गुंतागुंतीचं आहे.

फावेला हा शब्दच मुळात एका झुडपाचा. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कानुदोस इथली लढाई १८९७ साली संपली, तिथून परतलेल्या सैनिकांना राहायला जागा मिळेना म्हणून ते रिओतल्या एका टेकडीवर झोपड्या बांधून राहिले. लढाईच्या मुलखात फावेला नावाचं झुडूप असलेली एक टेकडी होती, तिच्या आठवणीने या टेकडीलाही तेच नाव पडलं आणि पुढे अशा सगळ्याच वस्त्यांना ते चिकटलं. या वस्त्यांत आणि रिओच्या उपनगरांत १९७० च्या दशकात दर आठवड्याला मोठाले नाच होत. तिथे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या सोल आणि फंक संगीताच्या तबकड्या लावत. पुढे १९८० च्या दशकात फ्लोरिडातल्या मायामीहून 'मायामी बेस' नावाचं, यंत्राच्या ढोलावर चालणारं संगीत आलं. संगीत बदललं, पण 'फंक' हे नाव तिथंच राहिलं. आपल्याकडे 'डालडा' हे नाव जसं सगळ्याच वनस्पती तुपाला राहिलं तसं. नाचाला पोर्तुगीजमध्ये 'बायले' म्हणतात, म्हणून बाहेरचे लोक या संगीताला 'बायले फंक' म्हणू लागले. रिओतले लोक नुसतं 'फंक' म्हणतात. लावणीला परक्याने 'फड-संगीत' म्हणावं असाच हा प्रकार झाला.

आता गंमत अशी की तबकड्या इंग्रजी आणि नाचणाऱ्यांना इंग्रजीचा गंध नाही. मग त्यांनी काय करावं? त्या इंग्रजी ओळी त्यांना जशा ऐकू येत तशा पोर्तुगीजमध्ये ओरडायला सुरुवात केली. रन-डीएमसी या अमेरिकन मंडळींचं १९८५ सालचं 'यू टॉक टू मच' नावाचं गाणं आहे. म्हणजे, 'फार बडबडतोस तू'. रिओच्या नाचात ते 'ताका तोमाते' झालं. म्हणजे, 'टोमॅटो फेक'! विचार करा, न्यूयॉर्कचा एक गवई बायकोसारखा कुणाला तरी 'फार बोलतोस' म्हणून बजावतो आहे आणि हजारो मैलांवर हजारो माणसं त्याच चालीवर एकमेकांना टोमॅटो फेकायला सांगताहेत. आम्ही दोघं यावर इतके हसलो की काकांची काठी पुन्हा वाजली. पण हसता हसता मला आपलं पूर्वचरित्र आठवलं. आरतीतल्या गणपतीच्या कमरेचा नाग काढून त्याला फळीवर बसवणारे आपणच ना? चुकीचं ऐकणं हीसुद्धा निर्मितीची एक रीत आहे. फरक इतकाच की आपण पुढे मोठे होऊन शुद्ध पाठ शिकलो आणि गप्प झालो. ते टोमॅटोवरच थांबले नाहीत. त्यांनी त्या टोमॅटोतून स्वतःची गाणी उगवली.

त्यातही एक गोष्ट मोठी छान आहे. एर्मानो वियाना नावाच्या एका मानववंशशास्त्रज्ञाने या नाचांचा अभ्यास केला आणि १९८८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. अभ्यास करता करता त्याने तिथल्या एका डीजेला एक ढोलयंत्र भेट दिलं. त्या डीजेचं नाव मार्लबरो. (एक डायनासोर, एक सिगारेट. या धंद्यात आईबापांनी ठेवलेलं नाव चालत नाही असं दिसतं.) मार्लबरोने १९८९ साली 'फंक ब्राझील' नावाचं संकलन काढलं आणि परक्या ठेक्यावर पोर्तुगीज शब्द रीतसर छापील झाले. संशोधकाने संशोधनाच्या विषयाला हात लावू नये असा शास्त्राचा नियम आहे म्हणतात. या गृहस्थाने हात लावला आणि विषयच नवा करून ठेवला. आमच्या विद्यापीठांतून लोकसाहित्यावर इतके प्रबंध झाले, पण कुणी एखाद्या शाहिराला नवीन डफ दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता ठेक्याविषयी. इथे माझं थोडंफार चालतं, कारण शाळेत असताना मी दीड वर्ष तबला शिकलो आहे आणि त्यातलं एक वर्ष केरव्यातच गेलं. आपल्या केरव्याच्या मात्रा आठ, चार आणि चार. चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा तो सरळ आहे. या फंकच्या ठेक्यातही आठाचाच हिशेब आहे, पण आघात ढोबळ मानाने तीन, तीन आणि दोन असे पडतात. बोटांनी टेबलावर वाजवून पाहा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. हिशेब आठाचाच, पण दर वेळी शेवटच्या दोनाशी पायाखालची एक पायरी गाळल्यासारखं होतं आणि पडू नये म्हणून माणूस पुढे झुकतो. नाच म्हणजे दुसरं काय? नव्वदीच्या दशकात हा ठेका परदेशी तबकडीवरून उचललेला असे. दशकाच्या अखेरीस तिथल्याच पोरांनी त्यात हाताने वाजवायच्या आफ्रिकी वळणाच्या ढोलांचे बोल मिसळले आणि त्याला 'तांबोरझाँव' म्हणजे 'मोठा ढोल' असं नाव दिलं. माहेरून आलेल्या साडीला सासरचे काठ लावावे तसं झालं. मिनिटाला साधारण एकशे तीस आघात हा त्या काळचा वेग. अलीकडे, २०१८ च्या सुमारास, तो दीडशेवर गेला. माझ्या डॉक्टरांनी मला यातल्या कुठल्याच आकड्यापर्यंत जायला मनाई केली आहे.

संकलक म्हणून डिप्लो कसा आहे, हे आता मला सांगता येईल. तो उत्तम आहे. त्याच्या जागी एखादा सभ्य माणूस असता तर त्याने गाणी धुऊन, इस्त्री करून मांडली असती, मध्ये समुद्राची गाज घातली असती, एखादी गिटार घातली असती, आणि ब्राझील म्हटलं की आपल्या मनात येणारी नारळाची झाडं उभी केली असती. याने त्यातलं काही केलेलं नाही. आवाज फाटले आहेत तर फाटू दिले आहेत. खोल्या लहान, माइक स्वस्त, गळे तापलेले, हे सगळं जसंच्या तसं ऐकू येतं. एक अख्खी रात्र कमरेला बांधून तो आपल्याला टेकडीवर चढवतो. आणि याचं एक कारण मला सापडलं आहे. हा गृहस्थ जन्मला मिसिसिपीत, पण त्याचं बरंचसं बालपण फ्लोरिडात गेलं. मायामी बेस हा त्याच्या गावाकडचाच आवाज. म्हणजे याला रिओत जे सापडलं ते परकं नव्हतंच. आपल्या लहानपणी शेजारी हरवलेलं वासरू वीस वर्षांनी परगावच्या बाजारात धष्टपुष्ट बैल होऊन दिसावं आणि ओळख पटावी, तशी त्याला ती ओळख पटली असावी. त्या ओळखीचा आनंद जोडणीत ऐकू येतो.

दोष दोन. पहिला, विसावा नाही. माणूस नाचता नाचता सरबत प्यायला बाजूला होतो, हे या संकलनाला मान्य नाही. हा दोष माझ्या वयाचा म्हणून सोडून देता येईल. दुसरा दोष सोडून देता येत नाही.

त्यातल्या दोन बायकांचा एक तुकडा मला फार आवडला. मी भाच्याला विचारलं, "या कोण?" भाच्याने फोन पाहिला. माझ्याकडे आलेल्या प्रतीत गाण्यांची नावं नव्हती. गाणाऱ्यांची नव्हती. वस्तीचं नाव नव्हतं. एक लांबलचक फीत, आणि तिच्यावर एकच नाव: लावणाऱ्याचं.

"अरे, पण गाणाऱ्यांचं काय?"

"मिक्स आहे ना मामा. मिक्समध्ये असंच होतं. कॉपी करता करता नावं गळतात."

हे 'असंच होतं' मला रात्रभर छळत राहिलं. कारण आपल्याकडे असं होऊ नये म्हणून शेकडो वर्षांपूर्वी एक तोड काढलेली आहे. कीर्तनकार म्हणजे तरी कोण? अभंग तुकोबांचा, ओवी ज्ञानोबांची, श्लोक रामदासांचा, मधली गोष्ट पुराणातली, चाल नाटकातली. सगळं दुसऱ्यांचं, तरीही ते कीर्तन त्याचं असतं, कारण गुंफण त्याची. पण अभंगाच्या शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' असं शिवून टाकलेलं असतं. वही बुडाली, कागद फाटला, म्हणणारा बदलला तरी ते नाव गळत नाही; ते काढायला गेलं तर अभंगच उसवतो. ज्या माणसाच्या हाती छापखाना नाही, त्याने नाव गाण्यातच घालावं, हे आपल्या संतांना कळलं होतं. आणि आश्चर्य म्हणजे ते फावेलातल्या पोरांनाही कळलेलं आहे! फंकच्या गाण्यांत मध्येच गाणारा आपलं नाव पुकारतो, वस्तीचं नाव पुकारतो, डीजेचं नाव पुकारतो. मी त्याला आधी उर्मटपणा समजलो होतो. ती मुद्रा होती. फक्त मला ती भाषा येत नव्हती. तसं पाहिलं तर पाव, पगार, चावी, बादली, घमेलं आणि तुरुंग एवढी पोर्तुगीज मी रोज बोलतो. पण तेवढ्यावर एखाद्या बाईचं नाव ओळखता येत नाही.

नाव किती लांब जातं आणि कुठे राहतं याची एक हकीकत सांगतो. रिओतल्या सिदाजी दि देउस वस्तीत देइझी तिग्रोना नावाची गायिका आहे. ती लोकांच्या घरी कामाला जात असे. 'इन्जेसाँव', म्हणजे 'इंजेक्शन', हे तिचं गाणं. वरवर दवाखान्यातलं, आतून भलत्याच दुखण्याचं. आपल्या लावणीवाल्यांनी ऐकलं असतं तर तिला शेला पांघरला असता. त्या गाण्यात तुताऱ्यांचा एक तुकडा आहे, तो १९७६ सालच्या 'रॉकी' चित्रपटातला. रॉकी हा मुष्टियोद्धा फिलाडेल्फियाचा. २००५ साली लंडनच्या एम.आय.ए. या गायिकेच्या 'बकी डन गन' या गाण्यात 'इन्जेसाँव'चा ठेका आणि त्याच तुताऱ्या आल्या. ते गाणं तयार करणारा होता डिप्लो आणि तो तेव्हा नाव काढत होता फिलाडेल्फियात! म्हणजे फिलाडेल्फियाची तुतारी रिओच्या टेकडीवर जाऊन, मोलकरणीच्या तोंडून ठसका घेऊन, परत फिलाडेल्फियात आली. जगाच्या पाठीवर सगळ्यांना ठाऊक झालं ते गाणं. सगळ्यात कमी ठाऊक झालं ते त्या बाईचं नाव.

असं म्हणू नका की नाव घातल्याने काम अडतं. साँव पावलोचा डीजे मार्की पाहा. त्याने आणि एक्सआरएसने जोर्जी बेन आणि तोकिन्यो यांच्या जुन्या 'कारोलिना कारोल बेला' या गाण्याचा तुकडा घेऊन २००२ साली 'एलके' ही चीज केली आणि जुन्या गाण्याचं नाव कंसात, शीर्षकातच, छापलं. तरीही ती ब्रिटनच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत चढली. कंसाने कुणाचा पाय अडखळला नाही. उलट याच जोर्जी बेनचं १९७२ सालचं एक गाणं आहे, नाव 'ताजमहाल'. हो, आपलाच, आग्र्याचा. त्याची चाल १९७८ साली रॉड स्टुअर्टच्या एका तुफान गाजलेल्या गाण्यात ऐकू आली, आणि प्रकरण मिटलं ते त्या गाण्याचं उत्पन्न युनिसेफला देण्यावर. स्टुअर्टने पुढे आत्मचरित्रात नकळत चोरी झाल्याचं मान्य केलं. आमच्या शहाजहानला तर अजून कुणी कळवलेलंही नाही.

डिप्लोविषयीही न्यायाने सांगायला हवं. २००८ साली त्याने लिआंद्रो एचबीएल यांच्याबरोबर याच नावाचा माहितीपट केला. त्यात ही मंडळी स्वतःच्या तोंडाने बोलतात, दारात उभी असलेली दिसतात. म्हणजे चार वर्षांनी का होईना, आवाजांना चेहरे आले.

चेहरे आले की आणखी एक गोष्ट दिसते. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे; भिंत. विसर्जनाच्या मिरवणुकीत खोक्यांवर खोके रचलेली. मी त्या भिंतीविरुद्ध तीन अर्जांवर सह्या केल्या आहेत आणि चौथा आला तर करीन, कारण माझ्या खिडकीची तावदानं माझी आहेत. ब्राझीलमध्येही अशा ध्वनिक्षेपकांच्या ढिगाला 'पारेदाँव' म्हणतात, अर्थ मोठी भिंतच. तिथेही अर्ज झाले. २००८ साली रिओ राज्यात या नाचांवर निर्बंध घालणारा कायदा आला. २००९ साली तो रद्द झाला आणि फंक ही सांस्कृतिक चळवळ आहे असं दुसऱ्या कायद्याने मान्य झालं. एका वर्षात गुंड होता तो सांस्कृतिक झाला! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांबावाल्यांच्याही मागे पोलीस लागत. आज सांबा देशाची शान आहे. आपल्या तमाशाचं आणि लावणीचंही फार वेगळं नाही. खालच्या वस्तीतून वर येताना गाण्याला आधी नाकं मुरडली जातात आणि मग पुरस्कार मिळतो. मधल्या काळात ज्यांनी ते गायलं त्यांची नावं मात्र कुठेतरी पडून जातात. अर्ज आवाजाविरुद्ध करावा. गाणाऱ्याविरुद्ध करू नये. माझ्या तीन अर्जांत हा फरक केलेला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो.

हे सगळं मी जेवताना मोठ्या तावातावाने बायकोला ऐकवलं. संकलन ही कला आहे, पण नावं गाळून केलेलं संकलन म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं वाढणं, अशी एक दोन वाक्यं तर मला स्वतःलाच फार आवडली. तिने सगळं ऐकून घेतलं. आमटी वाढली. मग हात धुऊन आत गेली आणि कपाटातून एक पुस्तिका आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हाची ती पाककृतींची पुस्तिका. बावीस घरांतल्या बावीस बायकांच्या कृती. आळूच्या वड्या, खापरोळ्या, फणसाची भाजी, आणि अकराव्या पानावर बायकोचे उकडीचे मोदक. एकाही पानावर कुणाचं नाव नाही. मुखपृष्ठावर मात्र ठळक अक्षरांत एक नाव होतं. 'संकलन:' आणि पुढे मी.

"जागा कमी होती," मी म्हणालो.

"प्रस्तावना दोन पानांची आहे," ती म्हणाली.

"छपाईत गळली असतील."

"असंच होतं," ती म्हणाली आणि ताक आणायला गेली.

तेव्हापासून माझी संध्याकाळ अशी जाते. भाचा तिकडे एकेक आवाज शोधून मला नावं कळवतो. मी ती एका कागदावर उतरवून ठेवतो. त्या दोन बायकांची अजून सापडलेली नाहीत. आणि इकडे मी एकेका घराची घंटा वाजवून पुस्तिकेच्या प्रती मागतो आणि प्रत्येक कृतीखाली पेनने नाव लिहून परत करतो. सतरा झाल्या आहेत. फणसाच्या भाजीवर दोघींचा दावा आहे. ते प्रकरण जोर्जी बेनपेक्षा अवघड दिसतं आहे.

परीक्षणाचा निष्कर्ष द्यायचा राहिला. 'फावेला ऑन ब्लास्ट' जरूर ऐकावं. उभ्याने ऐकावं. ऐकताना जो आवाज आवडेल त्याचं नाव काय, हे लावणाऱ्याला विचारावं, आणि त्याला सांगता येईपर्यंत विचारत राहावं. आमच्या स्वयंपाकघरात हल्ली त्यातली एक ओळ वरचेवर ऐकू येते. मूळ पोर्तुगीज काय आहे देव जाणे. बायको ती 'कांदा काप ना' अशी म्हणते. ठेक्यात म्हणते, तीन-तीन-दोन. आणि मी कांदा कापतो.